पांढऱ्या मातीचा हलवा

"अगं आई, कान आहेत का खुंट्या आहेत माझे? एकेक झुमका म्हणजे कढीपत्त्याची कुंडी आहे नुसती. मान वळवली की आधी झुमका वळतो, मग मी."

बाल्कनीत वाळत घातलेल्या ओल्या चादरीच्या पलीकडून हे ऐकू आलं आणि अलीकडे चिमटे दातात धरून उभ्या असलेल्या पद्मिनीबाई जागच्या जागी थिजल्या. मध्ये फक्त एक डबलबेडची चादर. पलीकडे त्यांची सून कश्मिरा नाशिकला आपल्या आईशी फोनवर बोलत होती, आणि चादरीवर तिची सावली पडली होती. सावलीच्या दोन्ही कानांना दोन घंटा लोंबत होत्या.

"नाही गं, तोंडावर कसं सांगू? इतक्या प्रेमाने करतात. छान आहेत म्हणते आणि घालते. आणि वास तर असा येतो ना त्यांना, दिवसभर भूक लागते."

झुमके पद्मिनीबाईंनीच केलेले होते. त्यामुळे खरं तर त्यांना राग यायला हवा होता. निदान डोळ्यांत पाणी तरी. पण झालं भलतंच. चादरीच्या अलीकडे उभ्या उभ्या त्या बाईला आनंद झाला. इतका, की दातातला चिमटा सुटून खालच्या मजल्यावरच्या गिलसाहेबांच्या कुंडीत पडला.

ही मुलगी कुरकुर करू शकते तर.

त्याचं असं होतं. त्यांचे यजमान सुरेशराव एअरफोर्समधून निवृत्त झाले ते चंदिगढलाच. मुलाची, निमिषची, नोकरी मोहालीत, मग गावाकडे जाऊन करायचं काय म्हणून चव्वेचाळीस सेक्टरात फ्लॅट घेतला आणि राहिले. जूनमध्ये निमिषचं लग्न झालं, कश्मिरा घरात आली, तिलाही इथेच आयटी पार्कमध्ये काम मिळालं. सगळं दृष्ट लागण्यासारखं. फक्त एकच गोष्ट पद्मिनीबाईंच्या घशात माशाच्या काट्यासारखी अडकली होती. मुलगी नाही म्हणत नव्हती. कशालाच.

आमटीत मीठ घालायचं राहिलं, तर "छान झालीय, अहो आई." निमिष टूरवर असताना गीझर बिघडला, तर आठवडाभर थंडगार पाण्याने अंघोळ करून ही निळ्या ओठांनी ऑफिसला गेली. नोव्हेंबरात. चंदिगढच्या. विचारलं तर म्हणाली, "फ्रेश वाटतं हो." तिच्यासाठी अख्खं कपाट रिकामं करून दिलं होतं, त्यात आत पेपरसुद्धा नवे घातले होते, पण मुलगी अजून पलंगाखालच्या सुटकेसमधूनच कपडे काढायची आणि तिच्यातच घड्या करून ठेवायची. पद्मिनीबाई फरशी पुसायला वाकल्या की ती सुटकेस त्यांच्याकडे बघायची. पाहुणा तक्रार करत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आणि पाहुणा एक दिवस बॅग उचलतो, हेही.

या काळजीवर उतारा म्हणूनच त्या सोधी मॅडमच्या क्लासला जायला लागल्या होत्या. सेक्टरच्या कम्युनिटी सेंटरमध्ये, एका बाजूला योगासनं आणि दुसऱ्या बाजूला कॅरम, यांच्या मधल्या खोलीत मंगळवारी नि शुक्रवारी दुपारी मातीचे दागिने शिकवायच्या सोधी मॅडम. बाई सहा फुटांच्या, हात हे एवढे मोठे, आणि त्या हातांतून मोहरीएवढे मणी असे सुटायचे की बघत राहावं. माती पोळीच्या कणकेसारखी मळायची, सुईने भोक पाडायचं, जोडायच्या जागी पाण्यात कालवलेल्या मातीचं बोट फिरवायचं, सावलीत सुकवायचं आणि मग भाजायचं. भट्टी म्हणून सोधी मॅडमच्या परसातला तंदूर. सकाळी दागिने, संध्याकाळी रोट्या. म्हणून त्या क्लासच्या प्रत्येक झुमक्याला किंचित रोटीचा आणि पावशेर कलौंजीचा वास यायचा, आणि ऑफिसात कश्मिरा ज्या लाइनीत बसायची तिथे अकरा वाजताच सगळे डबे उघडायला लागले होते.

चिमटा पडला त्या दिवशी पद्मिनीबाईंनी ठरवलं. जे चादरीपलीकडे बोलते ते हिने माझ्या तोंडावर बोललं पाहिजे. मागून, आपल्या आईला, कोणीही सांगतं. तोंडावर फक्त घरचं माणूस सांगतं. आणि त्यासाठी एकच मार्ग त्यांच्या हातात होता, तोही मातीने बरबटलेला.

पुढच्या मंगळवारी त्यांनी आमटीच्या वाटीवर माती थापून झुमके केले.

"पद्मिनी जी," सोधी मॅडम जवळ येऊन म्हणाल्या. "ये लटकन है, या डोंगा है?"

"झुमका है जी. बहू के लिए."

"बहू से कोई नाराज़गी?"

"बिलकुल नहीं. बहुत प्यार है."

"ओ तां दिख रहा है," सोधी मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

कश्मिराने ते झुमके हातात घेतले, म्हणजे दोन्ही हातांत घेतले, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सर्रकन गेलं. पद्मिनीबाई पुढे सरकल्या. आता बोलेल. आता.

"छान आहेत, अहो आई. बोल्ड आहेत."

मग एक अंगठी झाली, जी घातली की कीबोर्डवर एकावेळी तीन अक्षरं उमटायची. "छान आहे." मग एक बांगडी, जी दारावर आपटली तर दाराचा टवका उडाला, बांगडीला काही झालं नाही. "मजबूत आहे, मस्त." पद्मिनीबाईंनी नवऱ्याला विचारलं, "अहो, तुम्ही सांगा बरं, कशी दिसते?" सुरेशरावांनी पेपर खाली न करता सांगितलं, "छान आहे." त्यांच्या संसारात हे दोन शब्द त्यांनी भाजीला, पडद्यांना, सासूला आणि एकदा चुकून शेजाऱ्यांच्या अपघाताच्या बातमीलाही वापरले होते. निमिषला विचारलं, तर तो म्हणाला, "यार आई, मला दागिन्यांतलं काय कळतं? तू आणि ती बघून घ्या ना." आणि तातडीचं काम असल्यासारखा बाथरूममध्ये गेला.

तेव्हा पद्मिनीबाईंनी फ्लॉवर केला.

म्हणजे गळ्यातलं पदक. भाजीवाल्याकडून आणलेला ताजा गड्डा समोर ठेवून त्यांनी त्याच्याच मापाचा, सगळ्या तुऱ्यांसकट, खाली दोन पानं सोडलेला फ्लॉवर मातीत घडवला. मापात त्यांनी जराही कसूर केली नाही. तंदूरमध्ये तो मावेना, म्हणून सोधी मॅडमच्या सासऱ्यांनी तंदूरच्या तोंडाची एक वीट काढून दिली आणि विचारलं की आज सब्जीही तंदूरमध्येच का. त्याला सुताचा जाड गोफ लावून पद्मिनीबाईंनी तो सुनेच्या गळ्यात घातला.

कश्मिरा जरा पुढे झुकली. मग सरळ झाली. मग पुन्हा झुकली, कारण फ्लॉवरने तिला ओढलं.

"खरं सांग गं," पद्मिनीबाई जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाल्या, "जड नाही ना होत?"

"छे हो आई." तिने फ्लॉवरला खालून एका हाताचा आधार दिला होता, तान्हं मूल घेतात तसा. "डिटेलिंग काय सुंदर आहे. पानाच्या शिरासुद्धा आहेत."

आणि ती तो घालून ऑफिसला गेली. मीटिंगमध्ये तिने तो टेबलावर ठेवला आणि मागे स्वतः बसली. संध्याकाळी परत आली ती मान एका बाजूला धरून, पण सांगायला लागली की दोन मुलींना तसाच हवाय आणि त्यांच्या टीम लीडने विचारलं की ही कुठल्या प्रांताची कला आहे.

"मग तू काय सांगितलंस?"

"महाराष्ट्राची," कश्मिरा म्हणाली.

पद्मिनीबाई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या. दुखावायला निघावं आणि समोरच्याने आपल्या राज्याचा गौरव करून यावं, अशा वेळी माणसाने करायचं काय?

क्लासात तर त्यांचं नाव झालं. कमरेचं ऑपरेशन झालेल्या मिसेस ढिल्लोंनी मुळ्यांचे झुमके केले, पानांसकट. दुसरीने मटारच्या शेंगांचा हार केला आणि शेंगा उघडायची सोय ठेवली. सोधी मॅडम, ज्यांच्या हातांतून आयुष्यभर मोहरीएवढे मणी सुटले होते, त्या या भाजीबाजाराकडे दुःखाने बघत राहायच्या. पण बायका इतक्या खुशीत होत्या की त्यांच्यानेही काही बोलवेना. "वधिया," म्हणायच्या. "बहुत वधिया." पद्मिनीबाईंनी तो सूर ओळखला. तो त्यांच्या घरात रोज ऐकू यायचा.

अशात संक्रांत आली.

नव्या सुनेची पहिली संक्रांत म्हणजे काळी साडी आणि हलव्याचे दागिने. साखरेचा काटेरी पांढरा हलवा दोऱ्यात गुंफून केलेला हार, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा. हलवा घरी करायचा म्हणजे मंद आचेवर तीळ हलवत बोटांनी पाक द्यायचा आणि काटा येण्याची वाट बघायची. पद्मिनीबाईंना तो आयुष्यात जमला नव्हता. पण चंडीमंदिर छावणीतली त्यांची मैत्रीण इंद्रायणी, कर्नलसाहेबांची बायको, मूळची कोल्हापूरची, तिने पुण्याहून डबाभर हलवा मागवून दिला. म्हणाली, "दागिने करा, उरेल तो वाटा."

पद्मिनीबाईंनी डबा ठेवून घेतला आणि त्यांच्या डोक्यात शेवटचा बेत शिजला. दागिने हलव्याचे दिसतील, पण मातीचे असतील. पांढऱ्या मातीचे, रंग न लावता, प्रत्येक मण्याला टूथपिकने काटे काढलेले. साखरेचा हार हलका असतो; फुंकर मारली तर हलतो. मातीचा पूर्ण साज म्हणजे, मुकुट, बिंदी, हार, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, एवढं सगळं अंगावर घातल्यावर तर दगडाची मूर्तीही म्हणेल की बाई, उतरवा.

"मुझे समझाओ," सोधी मॅडम म्हणाल्या. "आपके यहाँ शक्कर के गहने पहनते हैं."

"हां जी."

"और आप मिट्टी के बना रही हैं, जो शक्कर के लगें."

"हां जी."

"तो शक्कर के क्यों नहीं बना रहीं?"

पद्मिनीबाई काटे काढत राहिल्या. "वो बहुत हलके होते हैं," त्या म्हणाल्या.

सोधी मॅडमने खुर्ची ओढली आणि त्याही काटे काढायला बसल्या. एवढं बारीक काम त्या क्लासात कित्येक दिवसांत झालं नव्हतं. मणी असे उतरले की इंद्रायणीच्या हलव्याशेजारी ठेवले तर जिभेशिवाय फरक कळू नये. उरलेले मणी पद्मिनीबाईंनी घरी आणले आणि एका स्टीलच्या डब्यात घालून फडताळात ठेवले. शेजारच्या स्टीलच्या डब्यात खरा हलवा होता. दोन्ही डबे एकाच हळदीकुंकवात एकाच बाईने वाटलेले, त्यामुळे झाकणावरचं नावसुद्धा तेच. महाराष्ट्रीय घरात स्टीलच्या डब्यांची जी एकसारखी पलटण असते, तिच्यात आजवर मेथीच्या जागी कसुरी मेथी आणि साबुदाण्याच्या जागी डिंक गेलेला होताच. पण आतापर्यंत कोणी माती ठेवली नव्हती.

संक्रांतीच्या दुपारी धुकं काही हटलं नव्हतं. समोरच्या पार्कात आदल्या संध्याकाळच्या लोहडीच्या शेकोटीची राख गोल पसरली होती आणि दोन कुत्री तिच्यात ऊब शोधत होती. घरात हीटर लावून क्लासातल्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. मिसेस ढिल्लोंच्या कानांत मुळे होते. इंद्रायणी नथ घालून आली होती. आणि सोफ्याच्या मधोमध, काळ्या चंद्रकळेत, डोक्यापासून कमरेपर्यंत पांढऱ्या काटेरी मण्यांत बंदिस्त, कश्मिरा बसली होती. बसली होती म्हणजे बसवली होती. निमिष आणि सुरेशरावांनी दोन्हीकडून धरून, फ्रिज ठेवतात तसं तिला खाली टेकवलं होतं.

"जड नाही ना?" पद्मिनीबाईंनी विचारलं. सगळ्यांसमोर.

"नाही, अहो आई." मुकुटामुळे तिला मान हलवता येत नव्हती, म्हणून तिने डोळ्यांनी नाही म्हटलं. "छान आहेत."

पद्मिनीबाईंनी हात टेकले. संपला खेळ. ही मुलगी या दागिन्यांखाली मोडून पडेल पण बोलणार नाही. पुढच्या संक्रांतीपर्यंत, त्यानंतरच्याही, अशीच गोड बोलत राहील, आणि सुटकेस पलंगाखाली तशीच राहील. त्या हताश आवाजात नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, हलवा द्या सगळ्यांना."

सुरेशराव उठले. घरकामात त्यांचा उत्साह वर्षातून दोनदा उफाळून यायचा, आणि नेमका आज आला होता. त्यांनी फडताळ उघडलं, डबा काढला, चांदीच्या वाट्या भरल्या आणि प्रत्येकीच्या हातात हसतमुखाने एकेक दिली.

सगळ्यांनी चमचाभर तोंडात टाकला.

खोलीत एकदम एक आवाज झाला. रस्त्यावर बारीक खडी टाकून रोलर फिरवला की होतो तसा.

मिसेस ढिल्लों चावायच्या थांबल्या. त्यांनी डोळे मोठे करून सोधी मॅडमकडे पाहिलं. हे महाराष्ट्राचं मिष्टान्न, हे त्यांना माहीत होतं, आणि पाहुणचाराला नावं ठेवणं त्यांच्या घरात पाप होतं. "चबाना है जी," त्यांनी गालातल्या गालात हळूच विचारलं, "या ऐसे ही निगल जाते हैं?"

"धीरे धीरे घुलता होगा," दुसरी म्हणाली.

सोधी मॅडमचं आयुष्य मातीत गेलं होतं. पहिल्याच दाताला त्यांना कळलं. इतकंच नव्हे, तर एका काट्यावरून हा मणी आपण केलेला की पद्मिनी जींनी, हेही कळलं. पण दुसऱ्याच्या सणाच्या दिवशी, दुसऱ्याच्या धर्मात, कोणास ठाऊक, खातही असतील. त्यांनी तो घास डाव्या गालात ठेवला आणि म्हणाल्या, "बहुत वधिया. मीठा कम है, ये अच्छी बात है."

इंद्रायणी हलवा खाऊन मोठी झालेली. तिला पहिल्यांदा वाटलं, पुण्याच्या दुकानदाराने फसवलं. मग लक्षात आलं की हलवा आपणच आणून दिलाय, म्हणजे बोलायची चोरी. "मुरलाय चांगला," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

निमिष म्हणाला, "फायबर जास्त आहे." सुरेशरावांनी दोन चमचे खाल्ले, एक आवंढा गिळला आणि म्हणाले, "छान आहे."

आणि पद्मिनीबाईंनीही चमचा तोंडात घातला.

त्यांना कळलं. कळायला कितीसा वेळ लागतो? त्या मातीत त्यांनी आठवडाभर बोटं बुडवली होती. पहिला विचार आला तो वाट्या हिसकावून घ्यायचा. तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांची नजर कश्मिरावर गेली. मुलीच्या गालात एक फुगवटा होता आणि तो हलत नव्हता. मुकुटाखालून तिचे डोळे सगळ्या खोलीभर फिरले: मुळे घातलेल्या मिसेस ढिल्लों, पदर लावलेली इंद्रायणी, आवंढा गिळणारे सासरे. मग ते पद्मिनीबाईंवर येऊन थांबले. तिलाही कळलं होतं. ती तर या मण्यांत सकाळपासून कोंडलेली होती.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मध्ये आता चादरही नव्हती.

पद्मिनीबाईंनी तोंड मिटून घेतलं. आणि चावायला लागल्या. मुद्दाम, आवाज करून. करकर, करकर. मग दुसरा चमचा घेतला.

"छान झालाय ना गं?" त्यांनी विचारलं. दातांवर पांढरं पीठ साचलं होतं.

कश्मिराने मान डोलवायचा प्रयत्न केला. मुकुट हलला नाही.

"घ्या ना सगळे, लाजू नका," म्हणत पद्मिनीबाईंनी तिसरा चमचा भरला, शीग लावून. त्यांची दाढ कुठेतरी कळवळली, डोळ्यांत पाणी आलं, तरी चमचा वर चाललाच होता. आणि खोलीतल्या सगळ्या बायकांनी, यजमानीणबाई एवढं खाते तर आपण मागे कसं राहायचं म्हणून, निमूटपणे आपापले चमचे उचलले.

तेव्हा सोफ्यावरून कडाड असा आवाज आला. कश्मिरा कोणाच्याही मदतीशिवाय उठली होती. कंबरपट्टा तुटला, मणी टपटपत फरशीवर सांडले, काही सोफ्याखाली, काही थेट आतल्या खोलीत पलंगाखाली गेले. तिने एका हाताने मुकुट काढून निमिषच्या मांडीवर टाकला, तशी त्याने हूं केलं, आणि दोन पावलांत सासूसमोर येऊन तिचा चमच्याचा हात मनगटाशी घट्ट धरला. तोंडातला घास तिने आधी आपल्या तळहातावर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा पुढे धरला.

"अगं आई, थुंक ते. थुंक आधी. माती आहे ती. आणि हा हारही जड आहे, आणि तो फ्लॉवर तर भयंकर होता, आणि मला नाही आवडत हे काहीच."